लेकीचं जर्मनीतलं घर: भाड्याचं की मालकीचं?

स्वयंपाक उरकला असेल, नसेल तर उरकता उरकता ऐका. शक्य असेल तर जवळ एक कागद आणि पेन ठेवा, कारण आज थोडा हिशेब आहे.

आपल्या भागातून पूर्वी मुलं मुंबई-पुण्याला जायची. आता नर्सिंग शिकलेल्या मुली, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, इंजिनिअर अशी पोरं जर्मनीचं नाव घेतात. गावोगाव जर्मन भाषेचे क्लास निघालेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून ही चर्चा जास्तच वाढली. या राज्याची राजधानी श्टुटगार्ट. मोटारींचे मोठे कारखाने तिथं आहेत, आणि मुंबईशी या शहराचं भगिनी शहराचं नातं १९६८ पासूनचं आहे.

पोरं गेली, नोकरीला लागली, की चार-पाच वर्षांनी फोनवर एक प्रश्न येतोच. आमच्या गटातल्या एका ताईंकडे तो आला. त्यांची लेक श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयात नर्स आहे, जावई कारखान्यात आहेत. लेक म्हणाली, "आई, दर महिन्याला भाड्यात पैसे चाललेत. त्यापेक्षा फ्लॅट घेऊ का? आमचे थोडे आहेत, पंचवीस लाख कमी पडतात." ताईंचे मालक म्हणाले, दीड एकर काढून टाकू. ताईंना रात्रभर झोप नाही. त्या गटाच्या बैठकीत बोलल्या, आणि आम्ही सगळ्याजणी या प्रश्नाला बसलो. तीन बैठका झाल्या. बँकेत विचारलं, लेकीशी आणि तिच्या तिथल्या मैत्रिणींशी फोनवर बोललो, कागदावर आकडे मांडले. त्यातून आम्हाला जे कळलं ते आज सांगतो.

आधी 'भाडं' या शब्दाकडे बघू. भाड्याचं घर म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. अकरा महिन्यांचा करार, मग मालक म्हणतो खाली करा. नाहीतर भाडं वाढवा. पाहुणे फार येतात म्हणून कुरकुर. त्यामुळे आपल्याला वाटतं, मालकीचं घर नाही म्हणजे पोरीच्या डोक्यावर छप्परच नाही.

जर्मनीत मात्र निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात. डॉक्टर राहतात, शिक्षक राहतात, निवृत्त झालेले आजी-आजोबा राहतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, कारण तिथला कायदा भाडेकरूच्या पाठीशी उभा आहे. करार बहुतेक वेळा मुदतीशिवायचा असतो. म्हणजे भाडेकरू नीट राहतोय, भाडं वेळेवर देतोय, तोवर मालकाला उगाच उठ म्हणता येत नाही. त्याला कायद्यात बसणारं कारण लेखी द्यावं लागतं. स्वतःला किंवा मुलाबाळांना राहायला घर हवंय, हे असं एक कारण. तेही दिलं तरी निदान तीन महिन्यांची नोटीस. भाडेकरूला पाच वर्षं झाली असतील तर सहा महिने, आठ वर्षं झाली असतील तर नऊ महिने. भाडेकरूला स्वतःला सोडून जायचं असेल तर मात्र साधारण तीन महिने आधी कळवलं की झालं.

भाडंही मनाला येईल तसं वाढवता येत नाही. आजूबाजूला तशाच घरांना जे भाडं चालतं, तिथपर्यंतच वाढवायचं. तेही तीन वर्षांत २० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि घरांची टंचाई असलेल्या शहरांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. ती तीन हप्त्यांत देता येते आणि मालकाला ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते. शहराशहरांत भाडेकरूंच्या संघटना आहेत. वर्षाची वर्गणी भरली की त्या सल्ला देतात, मालकाचं पत्र वाचून देतात. आपण गटाची वर्गणी भरतो, तसंच.

याचा अर्थ भाड्यानं राहणं तिथं सुखाचंच आहे असं नाही. मोठ्या शहरांत घर मिळता मिळत नाही. एका घरासाठी कितीतरी जण अर्ज करतात. पगाराच्या पावत्या दाखवा, उधारी वेळेवर फेडता याचा दाखला आणा, असं सगळं मागतात. कित्येक घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसत्या चार भिंती आणि नळाची जोडणी. ओटा नाही, शेगडी नाही, कपाटं नाहीत. ती भाडेकरूनं आणायची आणि जाताना काढून न्यायची. भाड्याचेही दोन आकडे असतात. एक 'थंड' भाडं, म्हणजे नुसत्या जागेचं. दुसरं 'गरम' भाडं, म्हणजे त्यात पाणी, हिवाळ्यातलं घर तापवणं, कचरा, जिना-सफाई हे धरून. लेक फोनवर भाडं सांगेल तेव्हा विचारा, थंड की गरम? वीज आणि इंटरनेट बहुधा याच्याही वर असतं.

आणि एक सावधगिरी. घर न दाखवता, किल्ली पोस्टानं पाठवतो, आधी अनामत भरा, असं कुणी म्हणालं तर तो ठक समजायचा. नव्यानं गेलेली पोरं घाईत यात अडकतात. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही. भाड्याचं घर दाखवणाऱ्या दलालाचे पैसेही, ज्यानं दलाल बोलावला त्यानं द्यायचे, असा २०१५ पासून नियम आहे. मालकानं बोलावलेल्या दलालाची दलाली भाडेकरूच्या गळ्यात घालता येत नाही.

आता खरेदीकडे येऊ. परदेशी माणसाला जर्मनीत घर घेता येतं, त्याला बंदी नाही. पण एक गैरसमज आधी काढून टाका. घर घेतलं म्हणून तिथं राहायचा परवाना मिळत नाही. परवाना नोकरीवर, शिक्षणावर, भाषेवर मिळतो. कुशल कामगाराला साधारण तीन वर्षांनंतर, अटी पूर्ण केल्या तर, कायम राहण्याचा परवाना मिळू शकतो. तो हातात येईपर्यंत राहणं त्या नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी सुटली आणि दुसरी मिळाली नाही, तर घर मालकीचं असूनही देश सोडायची वेळ येऊ शकते. आणि नोकरी गेली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही.

चला, कागद घ्या. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, गावागावाला भाव वेगळा असतो. हिशेब सोपा जावा म्हणून एक युरो म्हणजे १०० रुपये धरू. समजा श्टुटगार्टच्या आसपास ६० चौरस मीटरचा, म्हणजे साधारण साडेसहाशे चौरस फुटांचा फ्लॅट आहे. किंमत ३ लाख युरो. आपले ३ कोटी रुपये. तोच फ्लॅट भाड्यानं घेतला तर थंड भाडं महिन्याला ९०० युरो धरू, म्हणजे वर्षाला १०,८००.

खरेदी करताना किमतीच्या वर काय लागतं? त्या राज्यात खरेदीवर सरकारी कर ५ टक्के, म्हणजे १५,००० युरो. नोटरी आणि जमीन नोंदणीचा खर्च साधारण २ टक्के धरा, ६,०००. दलाल असेल तर विकणारा आणि घेणारा बहुधा निम्मी-निम्मी दलाली देतात. घेणाऱ्याच्या वाट्याला बऱ्याच वेळा ३.५७ टक्के येतात, म्हणजे १०,७००. बेरीज करा. ३१,७०० युरो. आपले जवळपास ३२ लाख. हे पैसे घराच्या भिंतीत जात नाहीत. उद्या घर विकलं तर ते कुणी परत देत नाही. आणि बँका बहुधा हा खर्च कर्जात धरत नाहीत, तो स्वतःच्या खिशातून करा म्हणतात.

त्यावर किमतीचे १० टक्के स्वतःचे घातले, ३०,००० युरो. म्हणजे हातातले ६१,७०० युरो गेले. उरलेलं २,७०,००० कर्ज. व्याज ४ टक्के आणि मुद्दलाची फेड पहिल्या वर्षी २ टक्के धरू. तिथं कर्ज असंच बोलतात. वर्षाला १६,२०० युरो, म्हणजे महिन्याला १,३५० चा हप्ता. यातलं पहिल्या वर्षाचं व्याज किती? १०,८००.

इथं आमच्या गटात सगळ्याजणी गप्प झाल्या. कारण भाडंही १०,८०० च होतं. भाडं वाया जातं म्हणतो आपण. मग व्याज कुठं जातं? तेही जातंच. एक घरमालकाला, एक बँकेला.

शिवाय मालकाला आणखी खर्च असतो. इमारतीच्या दुरुस्तीसाठी दर महिन्याला साठवायची रक्कम, व्यवस्थापनाचे पैसे, घरातली बिघाड-दुरुस्ती. वर्षाला २,००० युरो धरा. भाडेकरूच्या घरातला गरम पाण्याचा बॉयलर जुना होऊन बंद पडला तर तो मालकाला फोन करतो. मालकाच्या घरातला बंद पडला तर तो स्वतःच मालक आहे! आणि ते ६१,७०० युरो बँकेत ठेवले असते तर वर्षाला २ टक्क्यांनी हजार-बाराशे युरो व्याज आलं असतं, तेही बुडालं.

मग या जोडप्यानं घर घेतलं आणि तीन वर्षांनी काही कारणानं विकलं, किंमत होती तेवढीच राहिली, तर काय होतं? भाड्यानं राहिलं असतं त्यापेक्षा ते ४०,००० युरोच्या आसपास मागे पडतात. ४० लाख रुपये. ताईंची दीड एकर पंचवीस लाखांची. म्हणजे ती जमीन तर गेलीच, वर पोरांच्या बचतीचेही गेले.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आमचं बोलणं एकांगी होईल. समजा घराची किंमत आणि भाडं दोन्ही वर्षाला २ टक्क्यांनी वाढत गेलं, आणि ते जोडपं त्याच घरात राहिलं. तर आमच्या कागदावर आठ वर्षांच्या आसपास दोन्ही पारडी सारखी होतात. घर विकून दलाली द्यावी लागली तर दहा वर्षं लागतात. त्यानंतर मालकीचं पारडं जड होत जातं. भाडं वाढत राहतं, हप्ता ठरलेल्या काळापुरता तेवढाच राहतो, आणि हप्त्यातलं व्याज कमी होऊन मुद्दल जास्त फिटत जातं. म्हातारपणी भाडं नसलेलं घर ही मोठी गोष्ट आहे. शिवाय आपल्या भिंतीला खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागत नाही, याचं समाधान हिशेबात मांडता येत नाही, पण ते असतं.

पण किंमत वाढेलच असं कोण सांगणार? पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल करण्यातला प्रकार. २०२२ च्या सुरुवातीला जर्मनीत घरकर्जाचं व्याज १ टक्क्याच्या आसपास होतं, वर्ष संपेपर्यंत ते ४ टक्क्यांजवळ गेलं. त्यानंतर २०२३ संपेपर्यंत घरांच्या किमती उतरत गेल्या. ज्यांना त्या काळात नाइलाजानं विकावं लागलं, त्यांना तोटा सोसावा लागला. आमच्याच उदाहरणात किंमत जागच्या जागी राहिली, तर बारा वर्षांनीही भाड्यानं राहणाराच पुढे असतो.

म्हणून आमच्या तीन बैठकांतून एक गोष्ट पक्की झाली. "घ्यावं की न घ्यावं" हा पहिला प्रश्न नाहीच. पहिला प्रश्न आहे, "किती वर्षं राहणार?" दहा वर्षं त्याच गावात राहायचं नक्की असेल तर खरेदीचा विचार करावा. तीन-चार वर्षांत परत यायचं मनात असेल, नोकरीचं गाव बदलणार असेल, मुलाच्या शाळेच्या वेळी काय करायचं हे ठरलं नसेल, तर भाडं म्हणजे वाया गेलेला पैसा नाही. आपलं मन मोकळं ठेवण्याची ती किंमत आहे.

मुदतीशी जोडलेले आणखी दोन नियम लक्षात ठेवा. एक, तिथं व्याजदर बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ बांधून घेतात. मध्येच घर विकून कर्ज फेडायचं म्हटलं, तर बँक तिचं बुडणारं व्याज भरपाई म्हणून मागते. दहा वर्षं झाली की सहा महिन्यांची सूचना देऊन भरपाईशिवाय मोकळं होता येतं. दोन, ज्या घरात स्वतः राहिलो नाही, ते दहा वर्षांच्या आत नफ्यानं विकलं तर त्या नफ्यावर कर लागतो. स्वतः राहत असलेल्या घराला यातून सूट आहे, तिच्या वेगळ्या अटी आहेत. म्हणजे "राहिलो नाही तर भाड्यानं देऊ, नफा तर होईलच" इतकं ते सोपं नाही.

आता कागदपत्रं. आपल्याकडे सातबारा, तसं तिथं 'ग्रुंडबुख' नावाचं जमिनीचं आणि घराचं सरकारी पुस्तक असतं. मालक कोण, घरावर कुणाचे कसले हक्क आहेत, बँकेचा बोजा किती आहे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आपण सातबारावर 'इतर हक्क' बघतो, तसंच तेही बघायचं. व्यवहार नोटरीसमोरच होतो, त्याशिवाय खरेदी कायदेशीर होत नाही. हा नोटरी म्हणजे तहसीलबाहेर शिक्का मारणारा माणूस नव्हे. त्याला दोन्ही बाजूंना समजावून सांगण्याची जबाबदारी असते, आणि तो सगळा करार मोठ्यानं वाचून दाखवतो. भाषा कळत नसेल तर दुभाषा हवा. विकणारा व्यावसायिक असेल तर कराराचा मसुदा सर्वसाधारण ग्राहकाला दोन आठवडे आधी मिळायला हवा. तेवढ्या दिवसांत तो जाणकाराकडून वाचून घ्यावा. लाज वाटू देऊ नये.

फ्लॅट असेल तर सगळ्या मालकांची मिळून सभा होते, आपल्या सोसायटीसारखी. मागच्या काही वर्षांच्या सभांचं इतिवृत्त मागून वाचायचं. छप्पर गळतंय का, घर तापवायची यंत्रणा जुनी झाली का, बाहेरच्या भिंतींचं मोठं काम काढायचं घाटतंय का, हे त्यातून कळतं. तसं काम निघालं आणि साठवलेले पैसे पुरले नाहीत, तर प्रत्येक मालकाला आपला वाटा एकरकमी भरावा लागतो. नव्या मालकालाही.

मैत्रिणींनो, पुढची गोष्ट खास आपल्या लेकींसाठी. जोडपं मिळून घर घेतं तेव्हा बँक दोघांच्या सह्या घेते. सही केली की पूर्ण कर्जाला दोघंही बांधील. पण मालक मात्र तोच, ज्याचं नाव ग्रुंडबुखात आहे. हप्ता दोघांच्या पगारातून, कर्जावर सही दोघांची आणि घरावर नाव एकाचं, असं होऊ देऊ नका. दोघांची नावं आणि कुणाचा किती हिस्सा, हे तिथं लिहून घेता येतं. आपल्या पिढीत कित्येकींनी शेतात जन्म काढला आणि सातबारावर नाव नाही. ते जर्मनीत जाऊन पुन्हा होऊ नये. लेकीला हे आईनंच सांगायचं असतं. जावई चांगले असतील तर त्यांनाही ते पटेल.

आता आपल्या अंगणातला प्रश्न. पैसे इथून कसे जाणार?

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे भारतात राहणारा माणूस एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशात पाठवू शकतो. ती परकीय चलनाचं काम करणाऱ्या बँकेतूनच पाठवायची. पॅन कार्ड लागतं, कशासाठी पाठवतोय ते लिहून द्यावं लागतं. कुणाच्या ओळखीनं, स्वस्तात, परस्पर पोचवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागायचं नाही. तो गुन्हा आहे, आणि पैसे बुडाले तर तक्रारही करता येत नाही. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंतच्या रकमेवर कर कापत नाहीत. त्यावरच्या रकमेवर, अशा कामासाठी, बँक २० टक्के कर आधीच गोळा करते. म्हणजे एकाच माणसानं २५ लाख पाठवले तर वरच्या १५ लाखांवर ३ लाख आणखी भरावे लागतात. आयकराचं विवरणपत्र भरून ते परत मागता येतात, पण तोवर ते अडकून राहतात.

आणि हे नीट ऐका. परदेशात घर घेण्यासारख्या कामाला पैसे पाठवायला इथल्या बँकेनं कर्ज देऊ नये, असा नियम आहे. पीककर्ज तर पिकासाठीच असतं. त्यामुळे "जमिनीवर कर्ज काढून पाठवू" हा मार्ग बंद आहे असं समजा. सावकाराकडून काढून पाठवलं तर काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग राहिली जमीन विकणं. आपल्या राज्यात शेतजमीन विकत घेणाऱ्याला आपण शेतकरी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. सगळी जमीन विकून बसलो तर उद्या पैसे आले तरी पुन्हा शेतकरी म्हणून जमीन घेणं अवघड. आणि वडिलोपार्जित जमीन असेल तर २००५ च्या कायद्यानं त्यात मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे. विकायचं तर सगळ्या हिस्सेदारांना विचारलंच पाहिजे. एकीच्या फ्लॅटसाठी जमीन गेली आणि दुसऱ्या भावंडांना पुढं कळलं, तर घर उभं राहायच्या आधी नाती मोडतात.

आमच्या ताईंच्या घरी तर वेगळंच निघालं. वडील पंचवीस लाख देतो म्हणाले, पण ते जमीन विकून, हे लेकीला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं, उसाचे आणि आजीच्या ठेवीचे पैसे साठले असतील. आम्ही ताईंना म्हटलं, आधी हे तिला सांगा. ताईंनी सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग ती म्हणाली, "आई, मी हिवाळ्यात सकाळी पाचला ड्युटीवर जाते तेव्हा मनात येतं की काही झालं तर परत जायला आपलं शेत आहे. तेच विकून मी इथं काय घेऊ?" जोडप्यानं ठरवलं, कायमचा परवाना हातात येऊ दे, आणखी दोन वर्षं भाड्यानं राहू, बचत वाढवू, मग आपल्या पैशांत बसेल तेवढं बघू. कदाचित छोट्या गावात बघतील, जिथं भाव कमी आहे आणि रेल्वे रुग्णालयापर्यंत जाते. तो निर्णय त्यांचा.

सगळ्यांनी असंच करावं, असं आम्ही म्हणत नाही. एखाद्या घरी पोरांचं तिथं राहणं पक्कं असेल, दोघांच्या नोकऱ्या कायम असतील, वरखर्चाचे पैसे त्यांचे स्वतःचे साठलेले असतील. त्यांनी भाड्यात अडकून राहावं असं काही नाही. त्यांनी घ्यावं, आणि आपण इथं पेढे वाटावेत.

पण फोन आला की हो म्हणण्याआधी एवढे प्रश्न विचारा. लिहून घ्या.

पहिला, तिथं किती वर्षं राहणार, आणि हे दोघांनी मिळून ठरवलंय का?
दुसरा, राहण्याचा परवाना कायमचा आहे की नोकरीपुरता?
तिसरा, किमतीच्या वरचा दहा-अकरा टक्के खर्च कुणाच्या खिशातून?
चौथा, हप्ता आणि मालकाचा खर्च मिळून महिन्याला किती, आणि आज भाडं किती? आमच्या उदाहरणात एकीकडे ९०० आणि दुसरीकडे १,५२० येत होते.
पाचवा, एकाची नोकरी सहा महिने गेली तर हप्ता कसा भरणार?
सहावा, घरावर नाव कुणाचं?
सातवा, इथून पैसे जाणार असतील तर कुठले, आणि त्यासाठी काय विकलं जाणार हे सगळ्यांना माहीत आहे का?

लेक हुशार आहे, नर्सिंगच्या परीक्षा परक्या भाषेत पास झालीय. ती चिडणार नाही. आई हिशेब विचारते म्हणजे विश्वास नाही, असं तिला वाटू देऊ नका. गटाच्या वहीत आपण दर महिन्याला पै-पैचा हिशेब मांडतो. तो काय एकमेकींवर विश्वास नाही म्हणून मांडतो का?

तुमच्या गटात कुणाची मुलं परदेशात असतील तर येत्या बैठकीत हे सात प्रश्न मोठ्यानं वाचा. देश दुसरा असेल तर कर आणि कायदा वेगळा असेल, तो तिथं चौकशी करून भरा. प्रश्न हेच राहतील. काही अडलं तर आपल्या केंद्रावर कळवा, आपण मिळून बसू, कागदावर मांडू.

आजच्यापुरतं एवढंच. पोरं जिथं असतील तिथं सुखात राहोत. नमस्कार.